पूर, मॅच आणि मोबाइल: आपल्याला दिसतं ते कोण ठरवतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरातल्या कॉलेजांत, वाचनालयांत, बचत गटांच्या बैठकांत आणि अधूनमधून एखाद्या तालमीत मी बातम्या, मोबाइल आणि आपली नजर या विषयावर बोलायला जाते. भाषणात कुणी फारसं विचारत नाही. चहा आला की मंडळी मोकळी होतात आणि मग खरे प्रश्न येतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतलेत, जमेल तिथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

घडलं ते घडलं. त्यात बघणाऱ्याचा काय संबंध?

घडलं ते घडलंच, याबद्दल माझाही वाद नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हा आकडा कुणाच्या मतावर हलत नाही.

पण ‘४१ फूट’ हे दोन शब्द ऐकून प्रत्येक घरात वेगळं काहीतरी सुरू होतं. सुतारवाड्यातली बाई धान्याचे डबे उचलायला लागते. राजारामपुरीत वरच्या गल्लीत राहणारा माणूस पेपरचं पान उलटतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आईला फोन लावत बसतो. मुंबईत टीव्ही बघणाऱ्याला तर अख्खं कोल्हापूर पाण्यात दिसतं, कारण पडद्यावर दिवसभर त्याच चार गल्ल्या आणि तीच बोट फिरत असते. २०१९ ला उंचावरच्या कॉलन्यांतल्या लोकांना नातेवाइकांचे रडवेले फोन येत होते, आणि त्याच वेळी आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडची माणसं खरोखर घरदार सोडून बाहेर पडत होती. पातळी एकच होती. ती कुणी, कुठून, कशी दाखवली आणि बघणारा कुठे बसला होता, यावर ज्याचं त्याचं ‘वास्तव’ बनलं. या पानावर मी त्याबद्दलच बोलतेय.

एकच मॅच बघून दोन पेठांतली माणसं दोन वेगळ्या मॅच कशा सांगतात? कुणीतरी खोटं बोलत असणारच की.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाहू स्टेडियमवरच्या एका फुटबॉल सामन्यानंतरची गोष्ट. एक मावसभाऊ शिवाजी पेठेतला, दुसरा मंगळवार पेठेतला. दोघं एकाच गॅलरीत, एकाच पायरीवर बसलेले. सामन्यात एक खेळाडू गोलपोस्टसमोर पडला आणि रेफ्रीने पेनल्टी दिली नाही. बाहेर आल्यावर एक म्हणतोय, ‘पार आडवा केला की त्येला!’ दुसरा म्हणतोय, ‘पाय लागलाच न्हाई भावा, सोंग केलं त्यानं.’ कुणाच्या तरी मोबाइलमध्ये क्लिप होती. वाटलं, आता निकाल लागेल. पण पहिला भाऊ क्लिप नेमकी खेळाडू पडताना थांबवायचा आणि दुसरा त्याच्या आधी, पाय बॉलला लागलेला असताना. दोघांनी पाच-सहा वेळा क्लिप बघितली आणि दोघंही आपापल्या मतावर आणखी घट्ट झाले.

हे फक्त आपल्या पेठांत चालतं असं नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक सामना झाला. फार धसमुसळा झाला. एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि दिसतील ते फाऊल मोजायला सांगितले. डार्टमथचे फाऊल प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी ९.८ दिसले आणि डार्टमथच्या मुलांना ४.३. फिल्म तीच, निम्म्याहून जास्त फाऊल गायब! १९५४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि ते दोघं मावसभाऊही बोलत नव्हते. मैदानात एकाच क्षणी शंभर गोष्टी घडत असतात. डोळा त्यातल्या काहीच उचलतो आणि कुठल्या उचलायच्या ते आपली ओढ आधीच ठरवून बसलेली असते. समोरच्याला ‘खोटारडा’ म्हणण्याआधी एवढं लक्षात घेतलं तरी निम्मी भांडणं मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे ज्याला जे दिसतं ते त्याचं खरं? मग खरं-खोटं काही उरतच नाही!

उरतं. हा गैरसमज मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो सुशिक्षित माणसांत जास्त दिसतो. ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ असं एकदा म्हटलं की चौकशी करायची गरजच संपते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

बॉल रेषेच्या आत गेला की नाही, याला एकच उत्तर आहे. ते आपल्याला कळलं नसेल, पण आहे. रेफ्री पक्षपाती होता का, हा वेगळ्या जातीचा प्रश्न. त्याला एका मॅचवरून उत्तर देता येत नाही, बऱ्याच मॅच बघाव्या लागतात. आणि ती हार किती जिव्हारी लागली, हे ज्याचं त्यालाच माहीत. हे तीन प्रश्न आपण एकाच आवाजात, एकाच वाक्यात विचारतो आणि मग कुणाचंच कुणाला पटत नाही.

आपल्या सीमेवरचं उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना अमलात आली, याबद्दल कुणाचा वाद नाही. दरवर्षी त्याच तारखेला कर्नाटकात राज्योत्सव साजरा होतो आणि बेळगावचे मराठी लोक काळा दिवस पाळतात. एकाच शहरात, एकाच सकाळी. तिथला कन्नड पेपर आणि मराठी पेपर शेजारी ठेवलात तर दोन वेगळी गावं वाटतील. यात कुणाचाच आनंद आणि कुणाचंच दुःख खोटं नाही. पण म्हणून तारीख, ठराव, खेड्यांची नावं, भाषिक लोकसंख्येचे आकडे यांवर वाटेल ते बोलायची मुभा कुणाला मिळत नाही. भावनेला मान द्यायचा आणि तपशील तपासायचा. दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात.

राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की पोटात गोळा येतो. बातमी खरी असते, मग घाबरण्यात चूक काय?

काळजी घेण्यात काहीच चूक नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि नेमकं तेच बातमीत सहसा नसतं.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. तिथे कुणी बसून ‘सोडा आता’ असा हुकूम देत नाही. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडतं, म्हणजे १४२८ क्युसेक. सातही उघडले तर जवळपास १०,००० क्युसेक. दुसरीकडे महापुराच्या काळात कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या आलमट्टी धरणातून होणारा विसर्ग काही लाख क्युसेकमध्ये असतो. दोन्ही आकडे पडद्यावर सारख्याच लाल पट्टीत, सारख्याच टायपात येतात, त्यामुळे मनात त्यांचं वजनही सारखंच बसतं.

दुसरं म्हणजे कॅमेरा दरवाजाच्या पायथ्याशी उभा असतो. तिथून एका दरवाजाचं पाणीही प्रलयासारखं दिसणार. आणि पंचगंगा काही एकट्या भोगावतीची नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती अशा चार नद्यांचं पाणी तिच्यात येतं. राधानगरी त्यातल्या एकट्या भोगावतीवर आहे. शहरात पाणी किती चढणार ते चारही खोऱ्यांत पडणाऱ्या पावसावर आणि पुढे पाणी किती वेगाने निघून जातं त्यावर ठरतं. हे एवढं ठाऊक असलं की तीच बातमी वेगळी वाचली जाते. भोगावतीकाठच्या माणसाने मोटर आणि जनावरं हलवावीत, शहरातल्याने बंधाऱ्याची पातळी बघावी.

‘राधानगरी फुटलं’ असा व्हिडिओ आला तर खरा-खोटा कसा ओळखायचा?

एका बचत गटाच्या बैठकीत एका वहिनींनी असाच व्हिडिओ दाखवला. दोन शेजारणी घाबरून उठायच्याच बेतात होत्या. आम्ही फोन सतरंजीवर मधोमध ठेवला, आवाज बंद केला आणि सगळ्यांनी मिळून तो पुन्हा बघितला.

आवाज बंद केल्याबरोबर निम्मी भीती गेली. मग एकीने दरवाजे मोजले. दहाच्या वर भरले, आणि राधानगरीला तर सातच. दुसरी म्हणाली, ‘ही डोंगरं बोडकी हायत, राधानगरीला असली कुठं हायत?’ दाजीपूरच्या जंगलाकडे जाऊन आलेल्या बाईला हे सांगायला कुठलं ॲप लागत नाही. मग आवाज पुन्हा चालू केला. मराठीत कुणीतरी जोरात ओरडत होतं, पण वाऱ्याचा आवाज नव्हता, पाण्याचाही नव्हता. खोलीत बसून भरलेला आवाज होता तो. शेवटी १०७७ या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या नंबरवर फोन लावला आणि दोन मिनिटांत विषय संपला.

त्या बायकांनी जे केलं तेच मी सगळीकडे सांगते. आवाज बंद करून बघा. पाट्यांची भाषा, रिक्षांचा रंग, पोलिसांचा गणवेश, झाडं, ऊन-सावली बघा. एखादं दृश्य थांबवून त्याचा फोटो घ्या आणि गुगलच्या फोटो-शोधात टाका, व्हिडिओ जुना असेल तर बऱ्याचदा तिथेच सापडतो. दर जुलैत जुन्या पुराचे व्हिडिओ नवे होऊन फिरतात, तेव्हा तारीख विचारायची सवय तर हवीच.

लोक काळजीपोटीच पुढे पाठवतात. त्यात एवढं वाईट काय?

काळजी खरी असते, हे मान्य. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ती भटक्या समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती, त्यातली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात फिरत होते. ते पाठवणाऱ्यांतही आपल्या लेकरांच्या काळजीने पाठवणारे आईबाप असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. तोच दावा पुन्हा पुन्हा कानावर पडला की तो खरा वाटायला लागतो. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवलं: दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीच विधानं पुन्हा ऐकवली, तर लोकांचा त्यांवरचा विश्वास वाढत गेला, मग विधान खरं असो की खोटं. भावकीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, सगळीकडून तोच मेसेज आला की आपण म्हणतो, ‘सगळेच सांगायलेत म्हणजे खरं असणार.’ मूळ सांगणारा एकच असतो. त्या साखळीत आपण एक कडी वाढवतो, म्हणून मी ‘खात्री नाही, पण पाठवतोय’ हे वाक्य माफ करत नाही.

हे सगळं मोबाइल आल्यापासूनच सुरू झालं ना?

नाही हो. २१ सप्टेंबर १९९५ आठवून बघा. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते. लँडलाइन आणि शेजारीपाजारी यांवर ती बातमी एका दिवसात सगळीकडे गेली. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थरात खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी सांगितलं. तरी ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं त्यांना ते अपुरंच वाटलं.

त्याही आधी याच गावातल्या, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ दाखवला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक हादरले आणि पुढे ते दृश्य काढावं लागलं. पडद्यावरचं रक्त खोटं आहे हे माहीत असूनही अंगावर काटा येतोच. आपल्या मनाची घडणच तशी आहे. मोबाइलने वेग वाढवला आणि मुख्य म्हणजे निवड बदलली: आपण कशावर थांबतो ते बघून तो आपल्याला तसलंच आणखी देतो. पुराचे दोन व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलेत की पुढचा तासभर जगात फक्त पूरच असतो.

पूर्ण तटस्थ पेपर कुठला? आमचा पेपर तर विकला गेलाय.

पूर्ण तटस्थ कुठलाच नाही. बातमी पहिल्या पानावर घ्यायची की आत, फोटो कुणाचा लावायचा, कुणाला फोन करून प्रतिक्रिया घ्यायची, हे सगळे माणसांनी घेतलेले निर्णय असतात. जाहिराती कुणाच्या आहेत, मालकाचे इतर धंदे काय आहेत, हे वाचकाने माहीत करून घ्यावं.

पण ‘विकला गेलाय’ म्हणण्याआधी एक जरूर ऐका. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या अशा दोन्ही बाजूंच्या समर्थकांना दाखवल्या. बातम्या त्याच, आणि दोन्ही गटांना त्या आपल्याच विरुद्ध वाटल्या. निवडणुकीनंतर दोन्ही पॅनेलचे लोक एकाच पेपरला शिव्या घालतात, ते आपण दर पाच वर्षांनी बघतोच. माझा सल्ला साधा आहे: एकाच बातमीसाठी दोन पेपर बघा आणि एकात असलेलं दुसऱ्यात काय नाही ते शोधा. वाचनालयात हे फुकट करता येतं.

पुराला आलमट्टीच कारणीभूत आहे हे तरी खरं की नाही?

हा प्रश्न विचारताना सभागृहातली हवा बदलते, कारण माणसांची घरं गेलीत. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने वडनेरे समिती नेमली. तिच्या अहवालाने आलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. कमी दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रात, पूररेषेत झालेली अडवणूक यांवर तिचा भर होता. नदीकाठच्या अनेक कार्यकर्त्यांना हे मान्य नाही. आलमट्टीची सध्याची ५१९.६० मीटरची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकच्या प्रयत्नांना कोल्हापूर-सांगलीचा विरोध आहे, आणि भविष्याविषयीची ती काळजी रास्त आहे असं माझं मत आहे.

पण मी सभेत एक प्रश्न उलटा विचारते. पूर फक्त दुसऱ्या राज्याच्या धरणाने आला, हे ऐकायला आपल्याला बरं का वाटतं? पूररेषेत भराव टाकलेला माणूस आपल्याच ओळखीचा असतो, ते नाव घेणं अवघड जातं. लांबचा दोषी पटकन पटतो. धरण, पाऊस, भराव, पुलांचे भराव हे सगळं एकत्र मोजायला हवं, आणि ते काम घोषणेने होत नाही.

इंटरनेट बंद केलं की अफवा थांबतात का?

जून २०२३ मध्ये मोबाइल स्टेटसवरून शहरात तणाव झाला तेव्हा इंटरनेट बंद केलं होतं. त्याने व्हिडिओ थांबतात, कुजबुज थांबत नाही. उलट खरी माहिती मिळवायची वाटही त्या वेळी बंद असते. अशा वेळी गल्लीतल्या चार जाणत्या माणसांचा शब्द चालतो, आणि ती ओळख आधीपासून असावी लागते.

बाहेरचे लोक आम्हाला ‘तिखट आणि रांगडे’ एवढंच का समजतात?

मालिकांत, जाहिरातींत तेच दाखवतात म्हणून. लाल तर्री आणि लांग कसलेला पैलवान पडद्यावर छान दिसतो. आपला पांढरा रस्सा तिखटजाळ नसतो, हे इथे जेवल्याशिवाय कळत नाही. मात्र आपणही मुंबईकर, बेळगावकर, बिहारी यांच्याबद्दल असंच दोन दृश्यांवर मत बनवलेलं असतं. आपल्यावरचा शिक्का टोचतो तेव्हा दुसऱ्यावर मारलेलाही आठवावा.

ग्रुपवर काका खोटा मेसेज टाकतात. मोठ्यांना कसं सांगायचं?

सगळ्यांसमोर नाही. ग्रुपवर ‘काका, हे फेक आहे’ लिहिलंत की मुद्दा मेसेजचा राहत नाही, मानाचा होतो. वेगळा फोन करा. ‘काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं? तारीख दिसेना झालीय, जरा बघता का?’ त्यांनाच शोधू द्या. त्यांनी स्वतः ग्रुपवर ‘हे जुनं आहे’ असं लिहिलं तर ते तुमच्या दहा मेसेजपेक्षा जास्त लोक ऐकतील.

आता तर कुणाचाही आवाज, चेहरा बनवता येतो. मग विश्वास ठेवायचा कशावर?

पैसे मागणारा फोन आला, आवाज पोराचाच असला, तरी फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण होऊन लावा. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवा. नेत्याचा धक्कादायक व्हिडिओ एकाच पानावर असेल आणि दुसरीकडे कुठेच नसेल, तर थांबा.

मुलांना घरी हे कसं शिकवायचं?

भाषण देऊ नका, वही द्या. एका शिक्षिकेने केलेला प्रयोग मला फार आवडला. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर तिने वर्गातल्या मुलांना ‘काल काय झालं’ एवढंच लिहायला सांगितलं. महाद्वार रोडला खांद्यावर बसून बघितलेल्या मुलाने लेझीम आणि लायटिंग लिहिलं. पापाच्या तिकटीजवळ राहणाऱ्या मुलीने लिहिलं की साऊंड सिस्टीमने खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि आजी कानात कापूस घालून बसली होती. एकाने फक्त इराणी खणीवरची गर्दी लिहिली, कारण त्याचे वडील तिथे ड्युटीवर होते. मग वह्यांची अदलाबदल झाली आणि प्रत्येकाने दुसऱ्याला तीन प्रश्न विचारायचे असं ठरलं: तू कुठे उभा होतास, हे तू स्वतः बघितलंस की ऐकलंस, आणि किती वाजले होते. मुलं तासभर भांडली, हसली आणि शेवटी फळ्यावर मिरवणुकीचा एक नकाशा तयार झाला, ज्यात सगळ्यांच्या वह्या बसत होत्या. एक गोष्ट तेवढी बसेना: दोन मुलांनी लिहिलेली मंडळांची क्रमवारी वेगळी होती. शिक्षिकेने उत्तर सांगितलं नाही. दोघांनाही पेपर आणून बघायला सांगितलं.